सदतीस अंशांची राखण

मे महिन्यातल्या दुपारी चंद्रपूरला पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. थंडीच्या दिवसांत निफाडला पहाटे तो पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. या दोन्ही ठिकाणी एखाद्या निरोगी माणसाच्या जिभेखाली थर्मामीटर ठेवला, तर आकडा जवळपास एकच दिसेल. सदतीस अंश सेल्सिअस, फार तर इकडेतिकडे अर्धा अंश. बाहेर चाळीस अंशांचा फरक, आणि आत जवळजवळ काहीच नाही. दगड उन्हात तापतो आणि रात्री निवतो. पाल, साप, सरडे यांचेही अंग उन्हाबरोबर तापते आणि सावलीबरोबर गार होते. माणूस मात्र आपली ऊब जपून ठेवतो.

आपल्या भाषेला ही राखण चांगली ठाऊक आहे. अंगाला घाम फुटतो, अंगावर काटा येतो, हुडहुडी भरते, दात वाजतात, चेहरा लाल होतो, हातपाय गार पडतात. शरीर आपली ऊब सांभाळण्यासाठी जेवढ्या खटपटी करते, त्या सगळ्यांना मराठीने नावे दिलेली आहेत. इतकेच नव्हे तर भीती, राग, लाज यांच्यासाठीही आपण हेच शब्दप्रयोग वापरतो. पण ही राखण कोण करतो, कशी करतो आणि ती कधी हरते, हे समजायला माणसाला दोन हजार वर्षे लागली. त्या शोधाची हकीकत आज सांगायची आहे. मी डॉक्टर नाही, कविता लिहिणारा माणूस आहे. आम्ही कवींनी घामावर पुष्कळ लिहिले. घाम नेमके काय काम करतो, हे मात्र क्वचितच विचारले.

मिजाज आणि टेम्परेचर

प्राचीन ग्रीक वैद्यांना वाटत असे की हृदय ही एक भट्टी आहे. तिथे जन्मजात ऊब असते आणि श्वासाने आत घेतलेली हवा त्या भट्टीला थोडे गार करते. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला वैद्य गॅलन याने उष्ण आणि शीत यांच्या चार-चार पायऱ्या कल्पिल्या होत्या. मधली पायरी कोणती? तर सारख्या मापाचे बर्फ आणि उकळते पाणी एकत्र केले म्हणजे जे मिळेल ती, असे त्याचे म्हणणे. मोजण्याचे साधन नव्हते, पण मोजावे असे वाटू लागले होते.

हीच परंपरा पुढे अरबी भाषेत आली. इब्न सिना (९८० ते १०३७) याचा 'अल-कानून' हा ग्रंथ कित्येक शतके पूर्वेत आणि युरोपात वैद्यकाचे पाठ्यपुस्तक होता. त्यात 'मिजाज' ही कल्पना महत्त्वाची आहे. मिजाज म्हणजे मिश्रण. उष्ण, शीत, कोरडे आणि ओले यांचे प्रत्येक माणसात वेगळे मिश्रण असते, आणि ते बिघडले की दुखणे येते, असा हा विचार. युनानी हकीम नाडीवर बोट ठेवून आजही मिजाज पाहतात. आमच्या घरात पाहुण्यांची विचारपूस करताना 'मिजाज कैसे हैं' म्हणत, तेव्हा आपण कोणाच्या उष्ण-शीताची चौकशी करतो आहोत, हे कोणाच्या ध्यानीमनीही नसे. मराठीत हाच शब्द 'मिजास' होऊन आला आणि त्याने फक्त ताठा तेवढा जवळ ठेवला.

गंमत अशी की इंग्रजीतला 'टेम्परेचर' हा शब्दही योग्य प्रमाणात मिसळणे अशा अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आलेला आहे. म्हणजे अरबी मिजाज आणि लॅटिन टेम्परेचर यांच्या पोटात एकच कल्पना आहे. आपल्याकडे आयुर्वेदाने ज्वराला सर्व रोगांत मोठे स्थान दिले. चरकसंहितेत त्यावर स्वतंत्र अध्याय आहे. पण या सर्व परंपरांत वैद्याचा हात हेच थर्मामीटर होते. कपाळावर हात ठेवायचा आणि सांगायचे, अंग तापले आहे. आईचा हातही हेच करतो.

तराजूत बसलेला प्राध्यापक

हातापुढे पहिले पाऊल टाकले ते इटलीत. सांतोरिओ सांतोरिओ (१५६१ ते १६३६) हा पादुआच्या विद्यापीठातला वैद्यकाचा प्राध्यापक. त्याने एका मोठ्या तराजूला खुर्ची टांगली आणि त्या खुर्चीत बसून तो जेवू लागला. खाल्लेले-प्यालेले वजन लिहून ठेवायचे, मलमूत्राचे वजन लिहायचे आणि पुन्हा स्वतःला तोलायचे. हा उद्योग त्याने सुमारे तीस वर्षे केला. हिशेब नेहमी कमी भरे. दिवसाला आठ पौंड अन्नपाणी घेतले, तर त्यातले पाच पौंड कुठे गेले ते दिसतच नसे. ते त्वचेतून आणि श्वासातून नकळत निघून जाते, असा त्याने निष्कर्ष काढला आणि १६१४ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. घामाचा थेंब दिसत नसतानाही माणूस पाझरत असतो, हे आकड्यांनी सांगणारा तो पहिला माणूस.

याच सांतोरिओने काचेच्या नळीतल्या हवेच्या फुगण्या-आकसण्यावर चालणाऱ्या उपकरणाला खुणांची पट्टी जोडली आणि त्याचा गोळा रोग्याच्या तोंडात दिला. त्यानंतर शंभर वर्षांनी फॅरनहाइटने पाऱ्याचा भरवशाचा थर्मामीटर बनवला. १७२४ मध्ये त्याने प्रसिद्ध केलेल्या मोजपट्टीवर निरोगी माणसाच्या अंगाची ऊब ही एक पक्की खूण होती. तिला त्याने ९६ हा आकडा दिला. जगातल्या साऱ्या वस्तूंची उष्णता मोजायची, तर त्यातला एक खुंटा माणसाचेच अंग! ते अंग स्थिर राहते, यावर त्याचा किती विश्वास होता ते यावरून दिसते.

कापणी करणारे मजूर

आता आपण अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात जाऊ. बेंजामिन फ्रँकलिन हे नाव आपल्याला वीज आणि पतंग यांमुळे माहीत आहे. १७५० च्या जून महिन्यात एका रविवारी तिथे सावलीत शंभर अंश फॅरनहाइट, म्हणजे जवळजवळ अडतीस सेल्सिअस झाले होते. फ्रँकलिन खिडक्या उघड्या टाकून सदऱ्यावर बसला होता आणि घामाने चिंब झाला होता. त्याच्या लक्षात आले की टेबल, खुर्ची अशा निर्जीव वस्तू हाताला गरम लागत आहेत, आपले अंग मात्र हवेइतके तापलेले नाही. १७५८ मध्ये जॉन लायनिंग या डॉक्टरला लिहिलेल्या पत्रात त्याने याचे कारण सांगितले. ओली वस्तू वाळताना गार होते. घाम वाळतो, म्हणून माणूस गार राहतो.

त्या पत्रातला पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. पेनसिल्व्हेनियातले कापणीचे मजूर भर उन्हात उघड्या शेतात राबतात. घाम येत राहतो आणि तो येत राहावा म्हणून ते वारंवार पाणी पितात, तोवर त्यांना काही होत नाही, असे त्याने नोंदवले. ते लोक पाण्यात थोडी रम घालत, ही गोष्ट वेगळी. पण घाम थांबला की मजूर कोसळतो, आणि पुन्हा घाम आणता आला नाही तर कधीकधी तिथेच मरतो. उष्माघाताचे इतके अचूक वर्णन अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वी झालेले आहे, आणि ते दवाखान्यातून आलेले नाही. ते शेताच्या बांधावरून आलेले आहे.

याच पत्रात फ्रँकलिनने आणखी एक अंदाज केला होता. काळ्या लोकांचा घाम लवकर वाळत असावा आणि म्हणून त्यांना ऊन गोऱ्यांपेक्षा कमी बाधत असावे, असा. त्याला तो अंदाज शास्त्रीय वाटला असेल. पण गुलामांकडून उन्हात शेती करून घेणाऱ्या समाजाला तो फार सोयीचा होता. 'त्यांना सवय असते' हे वाक्य आपणही रस्त्यावर डांबर टाकणाऱ्या माणसाकडे पाहून म्हणतोच. त्या सवयीचा खरा अर्थ काय, ते पुढे येईल.

भाजलेले मांस आणि जिवंत कुत्रा

१७७४ च्या जानेवारीत लंडनमध्ये एक विलक्षण प्रयोग झाला. डॉ. जॉर्ज फोर्डाइस याने खोल्या तापवून घेतल्या होत्या. चार्ल्स ब्लॅगडेन, वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स आणि त्यांचे काही मित्र त्यांत शिरले. नंतरच्या एका खेपेला खोली २६० अंश फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे १२७ सेल्सिअसपर्यंत तापवली गेली. पाणी शंभर अंशांना उकळते हे लक्षात घ्या. त्या खोलीत ठेवलेली अंडी वीस मिनिटांत भाजून घट्ट झाली. मांसाचा तुकडा पाऊण तासात करपला, आणि त्यावर भात्याने वारा घातला तेव्हा तो आणखीच लवकर शिजला. माणसे मात्र काही मिनिटे त्याच हवेत उभी राहून धडधाकट बाहेर आली. एका कुत्र्यालाही टोपलीत बसवून आत ठेवले होते, पाय भाजू नयेत म्हणून. तोही सुखरूप राहिला. घड्याळाच्या साखळीला बोट लावता येत नव्हते, पण जिभेखालचा पारा नेहमीच्या आकड्यापासून फारसा हलला नव्हता.

ब्लॅगडेनने हे सगळे १७७५ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापले. जिवंत शरीरात उष्णता नाहीशी करण्याची काही शक्ती असते, असे त्याचे मत झाले. घामाचे मोल त्याला कळले होते, पण एवढ्या आगीपुढे नुसता घाम पुरेल यावर त्याचा विश्वास बसेना. याच प्रयोगांत एक बारीक नोंद आहे. फोर्डाइसने आधी कोरड्याऐवजी दमट खोल्या वापरून पाहिल्या होत्या. पाणी शिंपडून वाफ धरलेल्या खोलीत, खूपच कमी तापमानाला, त्याच्या अंगावरून पाण्याचे ओघळ वाहू लागले. त्यातला बराचसा घाम नव्हताच, हवेतली वाफ त्याच्या अंगावर थंड होऊन पाणी होत होती. कोरड्या आगीतून माणूस निभावतो आणि दमट उकाड्यात हरतो, याची ही पहिली सूचना. ती पुढे सव्वाशे वर्षे बाजूला पडून राहिली.

ऊब येते कुठून?

घाम उष्णता बाहेर टाकतो. पण मुळात उष्णता येते कुठून? याचे उत्तर पॅरिसमध्ये मिळाले. १७८२-८३ च्या हिवाळ्यात लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी बर्फाच्या वेष्टणातल्या भांड्यात एक गिनीपिग ठेवला आणि त्याच्या अंगाच्या उबेने किती बर्फ वितळते ते मोजले. त्याने सोडलेल्या श्वासाचाही हिशेब ठेवला. मग तेवढीच हवा वापरून कोळसा जाळला तर किती बर्फ वितळते ते पाहिले. दोन्ही आकडे जवळजवळ जुळले. श्वसन म्हणजे मंद ज्वलन, हे तेव्हा सिद्ध झाले. आपण प्रत्येकजण धूर न काढता जळणारी एक चूल आहोत.

त्या चुलीचा हिशेब आज नेमका माहीत आहे. स्वस्थ बसलेला माणूस ऐंशी ते शंभर वॅट, म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बाएवढी उष्णता सतत निर्माण करतो. ती अंगातून बाहेर पडलीच नाही, तर तासाला एका अंशाहून थोडे अधिक अशा वेगाने अंग तापत जाईल. मेहनतीच्या कामात ही उष्णता चार-पाच पटींनी वाढते, कारण स्नायू अन्नातली जी शक्ती वापरतात तिचा फार तर चौथा हिस्सा कामाला येतो. बाकीची ऊब होते. म्हणजे पाटी उचलणाऱ्या बाईला दोन चुली सोसाव्या लागतात, एक डोक्यावरची आणि एक अंगातली.

लाव्हाझिएने पुढे सेगँ या सहकाऱ्याबरोबर माणसांवर हेच प्रयोग केले. श्रम करताना माणूस किती जास्त प्राणवायू घेतो, ते मोजले. श्वसन, घाम आणि पचन या तिघांच्या मेळाने शरीराचा तोल राहतो, असे त्यांनी मांडले. १७८९ च्या, म्हणजे फ्रेंच राज्यक्रांतीच्या वर्षाच्या निबंधात त्याने एक प्रश्न विचारला, आणि तो प्रयोगशाळेबाहेरचा होता. हाताने काम करणारा गरीब माणूस स्वतःला अधिक जाळतो, त्याला अन्न अधिक लागते; मग त्यालाच कमी का मिळते? पाच वर्षांनी, ८ मे १७९४ रोजी, त्याच राज्यक्रांतीने लाव्हाझिएचे डोके उडवले. तो कर गोळा करणाऱ्या कंपनीचा भागीदार होता. पण त्याचा प्रश्न शिल्लक राहिला.

राखणदार कोण?

एकोणिसाव्या शतकात दोन गोष्टी झाल्या. क्लोद बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने सन १८५१-५२ च्या सुमारास सशाच्या मानेतली एक नस कापली आणि त्या बाजूचा कान लाल व गरम झाला. म्हणजे त्वचेतल्या रक्तवाहिन्या उघडण्या-मिटण्याचा हुकूम नसांमधून येत होता. उकाड्यात त्या उघडतात, रक्त कातडीखाली येते, ऊब बाहेर जाते. थंडीत त्या मिटतात आणि हातपाय गार पडतात. बोटांची ऊब काढून काळीज वाचवायचे, असा तो सौदा आहे.

दुसरी गोष्ट जर्मनीत लाइपझिगला झाली. डॉ. वुंडरलिख याने सुमारे पंचवीस हजार रुग्णांचे तापमान काखेत पुन्हा पुन्हा मोजले आणि १८६८ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. सदतीस सेल्सिअस म्हणजे ९८.६ फॅरनहाइट हा आकडा तिथून जगभर गेला. ऊब पहाटे सर्वांत कमी आणि संध्याकाळी जास्त असते, हेही त्याने दाखवले. ताप हा रोग नसून रोगाचे लक्षण आहे, हा त्याचा मोठा धडा. त्याचे थर्मामीटर जवळजवळ फूटभर लांब होते आणि काखेत वीस मिनिटे धरावे लागे. इंग्लंडच्या क्लिफर्ड ऑलबट याने त्याच दशकात सहा इंची, पाच मिनिटांत काम करणारे थर्मामीटर बनवले, आणि ते डॉक्टरांच्या खिशात आले.

या साऱ्याचा मुकादम मेंदूच्या तळाशी असतो, हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पक्के होत गेले. हायपोथॅलॅमस हे त्याचे नाव. आकाराने साधारण बदामाएवढा. रक्ताची ऊब तो स्वतः चाखतो आणि कातडीकडून खबरही घेतो. कातडी ही खबर कशी देते, त्याच्या शोधाबद्दल २०२१ चे नोबेल डेव्हिड ज्युलियस यांना आर्डेम पॅटापूटियन यांच्याबरोबर मिळाले. ज्युलियस यांनी त्यासाठी मिरचीतला तिखट पदार्थ वापरला. भाजणारी उष्णता ओळखणारा कातडीतला दरवाजा आणि मिरची ओळखणारा दरवाजा एकच निघाला. ठेचा खाल्ल्यावर कपाळाला घाम का फुटतो, याचे उत्तर यात आहे.

ताप आणि उष्माघात यांतला फरकही आता समजतो. तापात मुकादमच आकडा वर नेतो. सदतीसऐवजी एकोणचाळीस राखायचे असा हुकूम सुटतो, म्हणून अंग तापलेले असूनही थंडी वाजते आणि आपण गोधडी ओढतो. तापाची गोळी तो हुकूम खाली आणते. उष्माघातात हुकूम सदतीसचाच असतो, पण तो पाळायला अंगात ताकद उरलेली नसते. अंग चाळीसच्या पुढे जाते, माणूस बरळू लागतो, तोल जातो, शुद्ध हरपते. अशा वेळी तापाची गोळी उपयोगी पडत नाही. सावलीत न्यायचे, कपडे सैल करायचे, अंगावर गार पाणी ओतून वारा घालायचा, मिळाला तर बर्फ लावायचा आणि तातडीने दवाखाना गाठायचा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालायचे नाही. ही चार वाक्ये प्रत्येक घरात पाठ असावीत.

माठ नागपूरचा आणि माठ मुंबईचा

आपल्या कातडीत वीस ते चाळीस लाख घामाच्या ग्रंथी आहेत. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. हवा कातडीपेक्षा गरम झाली, साधारण पस्तीस अंशांच्या पुढे गेली, की उष्णता उलट आत येऊ लागते. मग घाम हा एकच मार्ग उरतो. पण अट एकच, घाम वाळला पाहिजे. जो टपकून खाली पडतो, तो वाया जातो.

मातीच्या माठाचे हेच आहे. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात माठातले पाणी गारेगार होते आणि वाळ्याचे पडदे लावलेला कूलर खोली निववतो. मुंबईच्या दमट हवेत तोच माठ जेमतेम गार होतो आणि कूलर नुसता ओलावा वाढवतो. माणूसही माठच आहे.

हे आकड्यात मांडले ते जे. एस. हाल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने, १९०५ मध्ये. कॉर्नवॉलच्या खोल खाणींतला उकाडा त्याने स्वतः सोसून पाहिला. साध्या थर्मामीटरचा आकडा फसवतो, हे त्याच्या ध्यानात आले. थर्मामीटरच्या गोळ्याला ओले फडके गुंडाळून जो आकडा येतो, तो खरा. हवा पडलेली असेल आणि हा ओल्या फडक्याचा आकडा एकतीस सेल्सिअसच्या पुढे गेला, तर उघड्या अंगाने स्वस्थ बसलेल्या माणसाचेही तापमान चढू लागते. २०१० मध्ये शेरवुड आणि ह्युबर या शास्त्रज्ञांनी पस्तीस ही माणसाची शेवटची हद्द असल्याचे गणिताने दाखवले. २०२२ मध्ये अमेरिकेत पेन स्टेट विद्यापीठाने तरुण, निरोगी माणसांवर प्रत्यक्ष चाचण्या केल्या, तेव्हा दमट हवेत ती हद्द एकतीसच्या आसपासच निघाली. हाल्डेनने खाणीत जे पाहिले होते, ते शतकानंतर पुन्हा सापडले.

आणि ती 'सवय'? दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींत उष्माघाताने मजूर मरू लागले, तेव्हा मालकांनी नव्या मजुरांना टप्प्याटप्प्याने उकाड्यात कामाला लावण्याची पद्धत काढली. एक-दोन आठवडे रोज थोडे थोडे काम केले की घाम लवकर येतो, जास्त येतो आणि त्यातले मीठ कमी होते. ही सवय खरी आहे. पण ती कोणत्याही वर्णाच्या माणसाला लागते, काही आठवडे उकाड्यापासून दूर राहिले की जाते, आणि तिला पाणी जास्तच लागते. सवयीचा मजूर म्हणजे कमी तहानेचा मजूर नव्हे. अमेरिकन नौसैनिकांच्या शिबिरांत रंगरूट कवायतीत कोसळू लागले, तेव्हा १९५० च्या दशकात तिथे ऊन, वारा आणि दमटपणा एकत्र मोजून कवायत थांबवण्याचे नियम झाले. शिपायाला इशाऱ्याचे निशाण मिळाले. नाक्यावरच्या रोजंदारीच्या माणसाला ते अजून मिळायचे आहे.

दोन गर्दी

१६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरच्या उघड्या मैदानावर लाखो लोक एका शासकीय पुरस्कार सोहळ्यासाठी जमले होते. श्रद्धेने आलेली माणसे कित्येक तास उन्हात बसून होती. पारा सुमारे अडतीस होता. विदर्भातला माणूस याला उन्हाळा म्हणणार नाही. पण खाडीकाठची दमट हवा, डोक्यावर ऊन आणि खांद्याला खांदा लागलेली गर्दी. घाम वाळायला वाराच नव्हता. चौदा जण गेले.

पुढच्याच वर्षी, जून २०२४ मध्ये, हजच्या काळात मक्केत पारा ५१.८ अंशांवर गेला. तेराशेहून अधिक यात्रेकरू मरण पावले. सौदी सरकारने सांगितले की त्यांतले बहुतेक परवान्याविना आलेले होते. परवाना नाही म्हणजे गार तंबू नाही, बस नाही. मैलोन् मैल उन्हात पायी चालणे. आयुष्यभर पै पै साठवून निघालेली आणि परवान्याचा खर्च न झेपलेली माणसे त्यांत होती.

दोन्ही ठिकाणची श्रद्धा वेगळी, पण शरीर तेच होते आणि त्याचे नियमही तेच. सावली, पाणी, वारा आणि विसावा यांतले काही मिळाले असते तर त्यांतले पुष्कळजण आज घरी असते. हे करता येते, याचा पुरावा जवळच आहे. मे २०१० मध्ये अहमदाबादला पारा ४६.८ वर गेला होता आणि त्या महिन्यात नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक मृत्यू जास्त झाले, असे अभ्यासकांनी मोजले. त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेचा आराखडा केला. आगाऊ इशारे, पाणपोया, दवाखान्यांची तयारी. एका रुग्णालयाने नवजात बाळांचा कक्ष सर्वांत वरच्या मजल्यावरून खाली हलवला, आणि उष्णतेने आजारी पडणारी बाळे कमी झाली. त्याला लागले ते फक्त कोणाचे तरी लक्ष.

मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी त्याच्या हातात पडावी, ही शिकवण आमच्याकडे लहानपणापासून कानावर पडते. तिचा अर्थ मी इतकी वर्षे पैशापुरता घेत आलो. शरीराचा हा इतिहास वाचल्यावर तिच्यात एक आधीचे देणेही दिसू लागले. त्याचा घाम सुकेल एवढा वारा, सावली आणि वेळ त्याला मिळाली पाहिजे. येत्या उन्हाळ्यात आपल्या दारात गवंडी, हमाल, सिलिंडर आणणारा, पार्सल पोचवणारा असा कोणी येईल. त्याला पाणी विचारा, पंख्याखाली दहा मिनिटे बसू द्या, आणि काम आपल्या हातातले असेल तर दुपारचे सकाळी घ्या. एखादा उन्हात काम करता करता असंबद्ध बोलू लागला, तर त्याला हसू नका, पाण्याची बादली आणा. फ्रँकलिनच्या शेतातल्या मजुरांना जे ठाऊक होते, तेवढे तरी आपल्याला ठाऊक असायला हवे.

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)